मदत हवी आहे: वडिलांची कोणती गोळी बंद करू?

रानवारा:
वडील ७९ वर्षांचे. नवीन गोळी सुरू झाल्यापासून सगळंच बिघडलंय. दिवस मावळला की असंबद्ध बोलतात, काल मलाच विचारलं, "तू कोणाचा?" तोंडाला इतकी कोरड की जीभ टाळूला चिकटते. आता डॉक्टरांनी विसरभोळेपणासाठी डोनेपेझिल लिहून दिलंय. ते सुरू करू की आधीची एखादी गोळी बंद करू? कृपया लवकर सांगा, जागरणांनी माझं डोकं चालेनासं झालंय.

मोरपीस:
नवीन गोळी कसली? बाकी काय काय चालू आहे?

शिंपला:
सोडियम तपासा! माझ्या आईचं अगदी असंच झालं होतं, सोडियम उतरलं होतं. बाकी सगळं नंतर.

रानवारा:
नेहमीच्याच आहेत हो. बीपीची, झोपेची, लघवीची. नवीन म्हणजे लघवीचीच. किडनी उत्तम, क्रिएटिनिन नॉर्मल.

मोरपीस:
लघवी व्हावी म्हणून की थांबावी म्हणून? पाकिटावरची नावं बघून लिहा.

रानवारा:
दोन्ही आहेत. पाय सुजले म्हणून फ्युरोसेमाइड. मग बाथरूमपर्यंत पोचायच्या आत कपडे ओले व्हायला लागले म्हणून ऑक्सिब्युटिनिन. बीपीला अमलोडिपिन, झोपेला क्लोनाझेपाम. एवढंच.

सांजवेळ:
आठवड्याच्या कप्प्यांची डबी आणा. आम्ही आणल्यापासून एकही गोळी चुकत नाही.

मोरपीस:
सांजवेळ, गोळ्या चुकताहेत असं ते कुठे म्हणाले? रानवारा, अमलोडिपिनचा डोस वाढवल्यावर पाय सुजले का?

रानवारा:
हो, ५ चं १० केलं, त्यानंतरच. त्याचा काय संबंध?

मोरपीस:
तोच तर संबंध आहे. मी फार्मासिस्ट आहे. अमलोडिपिनने घोट्यांवर सूज येते, डोस वाढला की जास्त. ती अंगात पाणी साचल्याची सूज नसते, त्यामुळे फ्युरोसेमाइडने फारशी उतरत नाही, लघवी मात्र वाढते. ती आवरायला ऑक्सिब्युटिनिन आलं. ते अ‍ॅसिटिलकोलीनचं, म्हणजे नसांचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं, काम शरीरात आणि मेंदूतही अडवतं, म्हणून तोंडाला कोरड आणि बोलण्यात गोंधळ. डोनेपेझिल तेच अ‍ॅसिटिलकोलीन वाढवतं, म्हणजे दोन गोळ्या एकमेकींच्या विरुद्ध ओढणार. शिवाय म्हातारपणी स्नायू झिजतात, त्यामुळे किडनी मंदावली तरी क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज, विचारा.

पाऊलवाट:
झोपेची गोळी आजच फेकून द्या. माझे काका त्या गोळीमुळेच पडले आणि खुबा मोडला.

मोरपीस:
आज फेकू नका! रोजचं क्लोनाझेपाम एकदम तोडलं तर झटके येऊ शकतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवतात.

पाऊलवाट:
म्हणजे पडेपर्यंत देत राहायची?

मोरपीस:
असं मी म्हटलेलं नाही. वयस्कांना टाळावीत अशा औषधांची बीअर्स यादी आहे, २०२३ मध्ये सुधारलेली, तिच्यात क्लोनाझेपाम आणि ऑक्सिब्युटिनिन दोन्ही आहेत. बंद करायचीच, प्रश्न कशी एवढाच आहे.

शिंपला:
सोडियमचं कोणी बोलेना. फ्युरोसेमाइडनेही उतरतं.

मोरपीस:
बरोबर आहे, तेही बघायलाच हवं. रानवारा, दुकानातून परस्पर आणलेलं काही घेतात का?

रानवारा:
सर्दीची गोळी, रात्री. ती काय औषधात धरायची?

मोरपीस:
धरायचीच! क्लोरफेनिरामाइन असेल तर तीही ऑक्सिब्युटिनिनसारखंच करते. ती थांबवा. माणूस अचानक ओळखेनासा होणं म्हणजे डिलिरियम, म्हणजे आजारपणाने किंवा औषधाने मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ, असू शकतं, त्यामुळे आजच दाखवा. लघवी अडली आहे का, जंतुसंसर्ग आहे का, तेही तपासायला सांगा. आणि सगळी पाकिटं पिशवीत भरून एकाच डॉक्टरसमोर ओता, सर्दीच्या गोळीसकट.

सांजवेळ:
हल्ली प्रत्येक अवयवाला वेगळा डॉक्टर. सगळ्या गोळ्या एकत्र कोण बघणार?

रानवारा:
निघतोय. डोनेपेझिलचं पाकीट उघडलेलं नाही. पाकिटावर क्लोरफेनिरामाइन मॅलेएट लिहिलंय, हेच ना ते?

मोरपीस:
हेच.