‘एनी कार्स’: कोणत्याही, सगळ्या की ज्या कोणत्या?

रामबाग, इंदूर: मंडळाच्या अंकासाठी २०२१च्या फॉर्म्युला वनच्या शेवटच्या शर्यतीवर लिहितोय. नियम ४८.१२ मराठीत आणताना अडलो. आघाडीच्या गाडीपेक्षा एक फेरी मागे पडलेल्या ‘एनी कार्स’नी सेफ्टी कारच्या (अपघातानंतर सगळ्यांचा वेग रोखायला पुढे धावणाऱ्या गाडीच्या) पुढे निघून जायचं, असं त्यात आहे. मी ‘कोणत्याही गाड्यांनी’ लिहिलं. घरून शेरा आला, ‘कोणतेही पाच प्रश्न सोडवा’सारखं वाटतंय!

तुकोगंज: वहिनींना सांगा, अबुधाबीतल्या त्या शर्यतीत खरंच पाच सोडल्या! १२ डिसेंबरला जेतेपदाचे दोन दावेदार हॅमिल्टन आणि वर्स्टापेन मोसमातल्या ३६९.५ अशा समसमान गुणांवर उतरले होते. ५८पैकी ५३व्या फेरीत लतिफी हा चालक भिंतीवर आदळला आणि सेफ्टी कार आली. मागे पडलेल्या आठ गाड्यांपैकी या दोघांच्या मधल्या तेवढ्या पाचांना रेस डायरेक्टर मासींनी पुढे काढलं, तीन तशाच ठेवल्या. शेवटच्या फेरीत वर्स्टापेनकडे नवे सॉफ्ट टायर, हॅमिल्टनकडे घासलेले हार्ड. पाचव्या वळणावर वर्स्टापेन पुढे गेला, जेतेपद त्याचं, खेळ खलास. हॅमिल्टनच्या मर्सिडीज संघाने तक्रार केली तेव्हा वर्स्टापेनच्या रेड बुल संघाचा एक मुद्दा हाच होता की ‘एनी’ म्हणजे ‘ऑल’ नव्हे.

स्नेहलतागंज: दादा, ‘कोणताही’चा अर्थ क्रियापद ठरवतं. ‘कोणत्याही वाहनास प्रवेश नाही’ म्हटलं की एकही नाही. ‘कोणतीही गाडी घेऊन जा’ म्हटलं की तुमच्या पसंतीची एक. पण ‘कोणीही यावं आणि टपली मारून जावं’ यात येईल तो प्रत्येक जण आला! तुमच्या नियमात सक्ती आहे, मुभा नाही. सक्तीच्या वाक्यात ‘कोणत्याही गाड्यांनी जावे’ हे लंगडंच वाटतं. आपल्याकडे जो-तो आहे ना? ‘ज्या ज्या गाड्या फेरीने मागे असतील, त्या त्या गाड्यांनी...’ वाद संपला.

तुकोगंज: ताई, वाद संपतो हीच तर अडचण. ‘ज्या ज्या’ लिहिलंत की मासी चुकले असंच ठरतं, म्हणजे अनुवादकानेच हॅमिल्टनला आठवं जेतेपद दिलं!

स्नेहलतागंज: द्यायलाच हवं होतं. सक्तीच्या नियमात पाच निवडायच्या आणि तीन ठेवायच्या, हे कुठल्या भाषेत बसतं?

तुकोगंज: माझंही मत तेच. पण पंचांनी तक्रार फेटाळताना मुख्य आधार १५.३चा घेतला: सेफ्टी कार वापरण्याचे अधिकार रेस डायरेक्टरचे. शिवाय ‘सेफ्टी कार याच फेरीत परत’ हा संदेश एकदा गेला की ती परतणारच, असं ४८.१३वरून म्हटलं. ‘एनी’वर निकाल टांगलेला नव्हता. मात्र २०२२च्या नियमात ‘एनी’ जाऊन ‘ऑल’ आलं. जुना नियमही ‘सर्व’ लिहून उतरवलात तर वाचक विचारेल, मग बदललं काय?

रामबाग, इंदूर: मग २०२१साठी ‘ज्या कोणत्या गाड्या मागे असतील त्यांनी’ आणि २०२२साठी ‘सर्व गाड्यांनी’. चालेल? आमचा मुलगा ‘कोणती पण गाडी’ सुचवतोय, ते राहू दे.

स्नेहलतागंज: इंदुरात जन्म काढल्यावर ‘पण’ सुटत नाही हो! ‘ज्या कोणत्या’ चालेल. ‘अनलॅप’ला काय केलंत?

रामबाग, इंदूर: ‘गेलेली फेरी भरून काढणे’. लांबलचक झालंय.

तुकोगंज: ‘फेरी फेडणे’ करा.