चिखल्या, लेप्टो, माकडताप: कोकणातल्या शेतीच्या दुखण्यांचे शब्द

अलिबागहून
शेतीच्या दुखण्यांच्या शब्दांची यादी करतोय. आमच्याकडे आवणीच्या दिवसांत पायाच्या बोटांच्या बेचक्यात कातडी कुजते, तिला 'चिखल्या' म्हणतात. आरोग्याच्या पत्रकात त्याच जागी 'बुरशीजन्य संसर्ग' असं असतं. दोन्ही एकच का? आणि लेप्टोला (लेप्टोस्पायरोसिस या तापाला) मराठी नाव का रुजलं नाही? 'उंदीरताप' म्हटलं तर चालेल का?

लांज्याहून
आधी इतरांसाठी: रायगड-ठाण्याकडची आवणी म्हणजेच आमची लावणी. रोपांना आम्ही तरवा म्हणतो.

चिखल्या आणि बुरशी पूर्ण एक नाहीत. शब्द बहुधा अनेकवचनीच वापरतात, 'पायाला चिखल्या झाल्या'. त्यात दोन अवस्था येतात. चिखलणी झालेल्या कोपऱ्यात (भाताच्या छोट्या शेतात) सात-आठ तास उभं राहिल्यावर कातडी पांढरी पडते, सुरकुतते, मऊ होते. ही नुसती भिजलेली कातडी. रात्रभर पाय कोरडे राहिले तर ती सावरते. रोज भिजत राहिली की करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये चीर पडते, खाज सुटते, वास येतो. बुरशी धरते ती इथे, आणि पुष्कळदा सोबत जिवाणूही असतात. म्हणून पत्रकातला शब्द चूक नाही, पण तो दुसऱ्या अवस्थेचा आहे. पहिलीत मलम लागत नाही. स्वच्छ पाण्याने आणि साबणाने पाय धुवायचे आणि सुती फडक्याने प्रत्येक बेचकं वेगळं पुसायचं. तेल लावायचं तर ते सकाळी शेतात उतरण्याआधी. रात्री ओल्या बेचक्यात तेल घातलं तर ओल आतच राहते.

दुसऱ्या अवस्थेत क्लोट्रिमॅझोलसारखं साधं बुरशीचं मलम दिवसातून २ वेळा, खाज थांबल्यावरही २ आठवडे. दुकानात मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं नकोत. चार दिवसांत खाज जाते, म्हणून ती चांगली वाटतात, पण बुरशी आत पसरत राहते. मधुमेह असेल तर चीर दिसताच डॉक्टरांकडे जावं.

कुडाळहून
लांज्याच्या उत्तराला एक जोड हवी, कारण इथेच खरा धोका आहे. चिखल्या हे लेप्टोचं उघडं दार आहे. लेप्टोचे जंतू उंदरांच्या मुतातून पाण्यात येतात आणि चिरलेल्या, भिजून मऊ झालेल्या कातडीतून आत शिरतात. भाताच्या पातीची धार खरखरीत असते. तरवा काढताना हातांवर बारीक ओरखडे उठतात, तीही दारंच.

'उंदीरताप' मला पटत नाही. मल्याळममध्ये 'एलिप्पनी' आहे, त्याचा अर्थ तोच. पण जंतू गुराढोरांच्या आणि कुत्र्यांच्या मुतातूनही येतात. नांगराचे बैल त्याच कोपऱ्यात मुततात आणि गोठ्यातलं शेण उघड्या हातांनी काढलं जातं. नावात उंदीर आला की माणूस घरातले उंदीर मारून निश्चिंत होतो. 'लेप्टो' लोकांच्या तोंडात बसलाय, तोच राहू दे.

राजापूरहून
गमबूट घाला, हा सल्ला गोठ्यात ठीक आहे. लावणीच्या खोल चिखलात बूट रुततो, पाय उपसताना निघतो आणि वरून पाणी शिरलं की आतला पाय दिवसभर भिजतच राहतो. शेतात उतरण्याआधी जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावणं आणि दुपारी बांधावर आल्यावर लगेच पाय धुणं, एवढं तरी होतं.

कुडाळहून
मान्य. प्रतिबंधाची गोळीही असते. डॉक्सिसायक्लीन २०० मिलिग्रॅम, आठवड्यातून १ दा, हंगामात जास्तीत जास्त ६ आठवडे. ती आरोग्य केंद्रातून विचारूनच घ्यायची. गरोदर बायकांना आणि ८ वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाही.

आता 'कावीळ' या शब्दाबद्दल. डोळे पिवळे झाले की घरात 'कावीळ झाली' म्हणतात आणि पाळं-मुळं देणाऱ्याकडे धाव घेतात. कावीळ हे लक्षण आहे, रोगाचं नाव नव्हे. लेप्टोत ती दिसेपर्यंत यकृत आणि मूत्रपिंड दुखावलेले असू शकतात. त्याआधीची खूण आपल्या बोलीत आहेच: 'पोटऱ्या भरून आल्या'. लावणीने कंबर धरते, मांड्या दुखतात, हे रोजचं. पण ताप, डोळे लाल पण चिपडं नाहीत आणि पोटरीला हात लावू देत नाही, हे तिन्ही एकत्र आलं तर त्याला लावणीचं दुखणं म्हणून सोडू नका. डॉक्टरांना 'मी चिखलात काम करते' हे पहिल्या वाक्यात सांगा.

बांद्याहून (सिंधुदुर्ग)
नाव दिशा चुकवतं, याचं आमच्याकडचं उदाहरण 'माकडताप'. हा रोग १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. कन्नडमध्ये 'मंगन कायिले', म्हणजे माकडाचा आजार. सिंधुदुर्गात २०१६ मध्ये साथ आली. लोक माकडांना भिऊ लागले, पण माणसाला तो होतो गोचीड चावल्याने. 'गोचीड' म्हटलं की गुरांच्या कानातली टरटरीत फुगलेली गोचीड डोळ्यांसमोर येते. इथे चावतं ते तिचं पिल्लू, तिळाहून बारीक, मातेरं वाटेल असं. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, आणि काजूच्या बागेतली बेणणी (तण काढणं), पातेरा (गळलेली पानं) गोळा करणं, बोंडं वेचणं हे सगळं तेव्हाच असतं. पाय झाकणारे कपडे घाला, विजार मोज्यात खोचा, आरोग्य खात्याचं, गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल लावा, घरी येताच कपडे गरम पाण्यात टाका आणि अंग चाचपा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता कळवा. त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच आसपास पसरतात.

दापोलीहून
याच बागेतला आणखी एक शब्द, 'उतणे'. 'बिब्बा उतला' आपण म्हणतो. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले, आणि तिघांचा चीक कातडीला बाधतो. काजूच्या टरफलातलं तेल लागल्या जागी भाजतं, ते 'भाजणं'. दोन दिवसांनी फोड येऊन न लागलेल्या जागीही पसरतं, ते 'उतणं', दूध उतू जातं तसं. दोन्ही शब्द जपण्यासारखे आहेत, कारण उतणाऱ्या माणसाला पुढच्या वर्षी थोडासा चीकही पुरतो. त्याला काजू फोडण्याच्या कामावर बसवू नये. बाकीच्यांनी हातांना खोबरेल आणि राख लावूनच फोडायचे. चीक नुसत्या पाण्याने जात नाही, साबण हवाच.

आंब्याचा चीक देठ तुटताक्षणी उडतो, आणि झाडाखाली वर बघणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. देठासकट उतरवण्यासाठी इथल्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला (काठीला जाळी लावलेलं साधन) आहे.

अलिबागहून
म्हणजे चिखल्यांच्या नोंदीत दोन्ही अवस्था वेगळ्या लिहितो आणि पुढे 'पोटऱ्या भरून येणे' जोडतो. 'उंदीरताप' वगळला.