शपथ घेणे, घालणे, वदवून घेणे

अमेरिकेतल्या शाळांवरच्या एका लेखाचा अनुवाद करतोय. तिथली मुलं सकाळी झेंड्यासमोर छातीवर हात ठेवून जे म्हणतात, ती 'निष्ठेची शपथ' की 'प्रतिज्ञा'? पुढे १९४३ च्या निकालाचा भाग आहे. वेस्ट व्हर्जिनियात यहोवाज विटनेसेस पंथाच्या मुलांनी झेंड्याला वंदन करायला नकार दिला, शाळेने त्यांना काढलं, सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी मुलांची बाजू घेतली. 'शपथ घेण्याची सक्ती करणे' फार सरकारी वाटतं.

— शपथ नकोच. शपथ आणि शाप एकाच 'शप्' धातूचे. बेलभंडार उचलला की खोटं ठरल्यास वाईट आपलंच व्हायचं. त्या मजकुरात तसं काही नाही. १८९२ साली फ्रान्सिस बेलामींनी तो लिहिला तेव्हा त्यात देवही नव्हता, तो १९५४ मध्ये आला. आपल्याकडे पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांत 'भारत माझा देश आहे'वर 'प्रतिज्ञा' असंच छापतात. १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती तेलुगूत लिहिली. मराठीत शेवटाकडे 'निष्ठा राखण्याची मी प्रतिज्ञा करीत आहे' असं येतं, म्हणजे तुमचे दोन्ही शब्द तयारच आहेत. (न्यायशास्त्रात प्रतिज्ञा म्हणजे अजून सिद्ध करायचं असलेलं विधान. शाळेच्या मैदानावर हे कुणी सांगत नाही!)

— नाम कुठलंही घ्या, घोळ क्रियापदाचा आहे. मंत्री शपथ घेतो, राज्यपाल देतात. त्यातही 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' की 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' हे मंत्री ठरवतो. तिसरी तऱ्हा घालण्याची. 'जेवल्याशिवाय उठशील तर माझी शपथ आहे', असं आजी म्हणायची. बांधला जाणाऱ्याला कुणी विचारत नाही. म्हणून 'मुलांना शपथ घालणे' लिहा. १९४० मध्ये याच न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी झेंडावंदनाची सक्ती योग्य ठरवली होती. तीन वर्षांत 'शप्पथ सुटली' म्हणावं लागलं.

— सुटली छान आहे, पण शपथ घालणारं माणूस जवळचं असतं. न मानल्यास ते रुसेल, नाव कमी करणार नाही. शाळा-मंडळाला आजी कशाला करता? 'वदवून घेणे' बघा. केरळातल्या १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात मुलं याच पंथाची होती. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, फक्त गात नसत. तरी शाळेने काढलं, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. तिथे सगळा वाद तोंडातून शब्द निघण्याचाच होता.

— 'प्रतिज्ञा वदवून घेणे' पक्कं. १९४० च्या परिच्छेदातही तेच टाकतो. 'शप्पथ सुटली' मात्र संपादक कापणार, आईशप्पथ.