चर्चा: प्रत्येक अँटिबायोटिकसोबत प्रोबायोटिक कशासाठी?

मात्रा (धागाकर्ती)

घसा धरला की अँटिबायोटिक, सोबत प्रोबायोटिक (पोटात घ्यायचे जिवंत 'चांगले' जंतू). दाढ काढली की अँटिबायोटिक, सोबत प्रोबायोटिक. आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर ही जोडी इतकी ठरून गेली आहे की कोणता जिवाणू, किती आणि कोणाला, हे विचारायचं राहूनच जातं. ही सरसकट जोडी बंद व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडच्या गोळ्यांची पट्टी उलटून बघा. बऱ्याच ब्रँडच्या नावापुढे 'एलबी' असतं आणि मागे बारीक अक्षरांत 'लॅक्टिक ॲसिड बॅसिलस, ६ कोटी स्पोअर्स' (स्पोअर्स म्हणजे जिवाणूंची कवचातली, सुप्त रूपं) असं काहीतरी छापलेलं असतं. हा बहुधा बॅसिलस कोॲग्युलन्स. 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनीस' या जुन्या, चुकीच्या नावाने तो अजून विकला जातो. स्ट्रेनचा (जातीतल्या नेमक्या उपप्रकाराचा) क्रमांक शोधून सापडत नाही. दिवसाला दोन गोळ्या म्हणजे १२ कोटी स्पोअर्स. मुलांवरच्या ज्या चाचण्यांत चांगला फायदा दिसला, त्यांत दिवसाला ५०० कोटी किंवा त्याहून जास्त जिवंत जंतू दिले होते, आणि तेही वेगळ्या जातींचे. म्हणजे मात्रा चाळीस पटींनी कमी आणि जंतूही वेगळा.

मोठ्या माणसांत तर भरपूर मात्रा देऊनही हाती काही लागलं नाही. २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेली प्लॅसाइड चाचणी बघा. वेल्स आणि ईशान्य इंग्लंडमधल्या रुग्णालयांतले ६५ वर्षांवरचे २९४१ रुग्ण, लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियमचं मिश्रण, रोज ६००० कोटी, २१ दिवस. अँटिबायोटिकमुळे जुलाब झाले ते प्रोबायोटिक घेणाऱ्यांत १०.८ टक्के आणि न घेणाऱ्यांत १०.४ टक्के.

२०१८ साली 'सेल'मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेचा अभ्यास आला. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि मेट्रोनिडॅझोलचा आठवडाभराचा कोर्स झाल्यावर ११ स्ट्रेनचं प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातले मूळचे जिवाणू काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परतले. मग आपण नेमकं काय सावरतोय?

बालरोग_कट्टा

मोठ्यांचे आकडे मुलांना लावू नका. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) मुलांवरच्या ३३ चाचण्या होत्या, ६३५२ मुलं. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब १९ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. ९ मुलांना दिलं तर एका मुलाचे जुलाब टळतात. बालरोगात इतका फायदा देणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात. शिवाय तिसऱ्या दिवशी शी पातळ झाली की घरचे औषध परस्पर थांबवतात आणि न्यूमोनिया अर्धवट राहतो. ते टळणं मी फायद्यातच धरतो.

प्लॅसाइडमध्ये सॅकॅरोमायसिस बुलार्डी हे प्रोबायोटिक यीस्ट नव्हतं, लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजीही नव्हतं. 'सेल'चा अभ्यास २१ निरोगी प्रौढांचा. त्यातल्या फक्त ८ जणांनी प्रोबायोटिक घेतलं होतं. तिथे आतड्यातली जिवाणूंची वस्ती मोजली, आजार नाही. तेवढ्यावरून मुलाच्या चिठ्ठीवरचं औषध खोडणं मला पटत नाही.

मात्र द्यायचं तर नीट द्यावं. बुलार्डी हे यीस्ट आहे, त्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही आणि वेळेचं अंतर पाळावं लागत नाही. मुलांना दिवसाला २५० ते ५०० मिलिग्रॅम, पहिल्या डोसच्याच दिवशी सुरू. दोन दिवसांनंतर सुरू केलं तर फायदा ओसरतो. पूड गार किंवा कोमट पाण्यात घालावी, गरम दुधात घातली तर यीस्ट मरतं. फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) चालू असेल तर बुलार्डी देऊन उपयोग नाही, ते याच यीस्टला मारतं. लॅक्टोबॅसिलस असेल तर अँटिबायोटिकनंतर निदान दोन तास थांबावं.

'एलबी'बाबत तुमच्याशी सहमत. त्या ६ कोटींच्या भरवशावर कुणी राहू नये.

सूक्ष्मदर्शी

दोघांच्याही बोलण्यात एक गृहीतक आहे: अँटिबायोटिकने 'चांगले जिवाणू' गेले, कॅप्सूलमधून परत आणले. आतड्याचं संरक्षण असं चालत नाही.

अँटिबायोटिकनंतर जोरदार जुलाब घडवणारा जिवाणू क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल, बोलताना सी-डिफ, याचं उदाहरण घ्या. यकृतातून येणाऱ्या प्राथमिक पित्ताम्लांपैकी टॉरोकोलेटमुळे त्याचे स्पोअर्स रुजतात. निरोगी आतड्यात क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्ससारखे काही मोजके जिवाणू याच पित्ताम्लांचं दुय्यम पित्ताम्लांत रूपांतर करतात, आणि ती सी-डिफची वाढ रोखतात. क्लिंडामायसिन किंवा तिसऱ्या पिढीचं सेफॅलोस्पोरिन पडलं की हे मोजके जिवाणूच आधी जातात. मग टॉरोकोलेट साचतं, स्पोअर्स रुजतात, विष तयार होतं. दुकानातल्या लॅक्टोबॅसिलसला हे रूपांतर करता येत नाही. तो आम्ल करतो, थोडी जागा अडवतो आणि बंद केल्यावर काही दिवसांत निघून जातो.

अख्खी वस्ती परत आणली की काय होतं ते २०१३ च्या डच चाचणीत दिसलं. सी-डिफ वारंवार उलटणाऱ्या १६ रुग्णांना निरोगी दात्याच्या विष्ठेचं द्रावण नळीने लहान आतड्यात दिलं. १३ जण एका खेपेत बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकच्या गटात १३ पैकी ४. चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण फरक डोळ्यांत भरत होता. मात्र दात्याची तपासणी कडक हवी. २०१९ मध्ये अमेरिकेत अशा द्रावणातून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय गेला आणि एक रुग्ण दगावला.

मात्रा

म्हणजे माझा मुद्दा आणखी पक्का झाला ना? जे काम करतं ते कुपीत नसतं आणि कुपीत असतं ते काम करत नाही.

बालरोग_कट्टा

तसं होत नाही. २०१७ चा सी-डिफवरचा कॉक्रेन आढावा बघा. ३१ चाचण्या, प्रमाण ४ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर. फायदा मुख्यतः तिथे, जिथे मुळात धोका ५ टक्क्यांच्या वर होता. प्लॅसाइडच्या रुग्णांत सी-डिफ एक टक्क्याच्या आसपासच होता, मग फरक दिसणार कुठून? बाह्यरुग्ण विभागातल्या तिशीच्या धडधाकट माणसाला देऊ नका, हे मान्य. पण वॉर्डात दोन-दोन अँटिबायोटिक चालू असलेल्या आजोबांना तोच नियम लावू नका.

निर्जंतुक

वॉर्डातल्या आजोबांना सेंट्रल लाइन, म्हणजे मानेच्या मोठ्या शिरेत घातलेली नळी, असेल तर?

हा प्रश्न इथे कुणी काढला नाही म्हणून लिहिते. बुलार्डीचं पाकीट खाटेशेजारी फाडलं की पूड हवेत उडते, हाताला लागते. त्याच हाताने लाइनचं तोंड उघडलं की यीस्ट थेट रक्तात. ज्यांनी ते कधी घेतलंच नाही, अशा शेजारच्या खाटेवरच्या रुग्णांच्या रक्तातही ते सापडल्याच्या नोंदी आहेत. म्हणून सेंट्रल लाइन असलेल्या, अत्यवस्थ किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला ते द्यायचंच नाही. इतरांसाठी पाकीट रुग्णांच्या खोलीबाहेर, हातमोजे घालून उघडायचं आणि मोजे लगेच टाकायचे.

'फायदा नसला तरी तोटा काय' हे वाक्य तर मला अजिबात सहन होत नाही. नेदरलँड्सच्या प्रोपॅट्रिया चाचणीत (२००८) तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांना सहा स्ट्रेनचं मिश्रण दिलं. मृत्यू १६ टक्के; प्लासिबो (औषध नसलेलं, दिसायला सारखं) गटात ६ टक्के. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिने २०२३ मध्ये रुग्णालयातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत इशारा दिला तोही एका बाळाच्या मृत्यूनंतर. बाळाच्या रक्तात सापडलेला बिफिडोबॅक्टेरियम आणि दिलेल्या प्रोबायोटिकमधला जिवाणू जनुकीय तपासणीत जुळले.

आणि सी-डिफचा रुग्ण असेल तर हात साबण-पाण्याने धुवा. अल्कोहोलच्या सॅनिटायझरने स्पोअर्स मरत नाहीत.

ताकपिठलं

इतका खल कशाला? घरचं दही खावं.

सूक्ष्मदर्शी

जरूर खावं, उत्तम अन्न आहे. पण घराघरातलं विरजण वेगळं. त्यात कोणता स्ट्रेन आणि किती, ते कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून औषधाच्या जागी ते धरता येत नाही. कढी केली तर जिवाणू जिवंत राहत नाहीत. आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालू असेल तर गोळी दही-दुधासोबत गिळू नका. कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि औषध रक्तात कमी उतरतं. गोळी दही-दुधाच्या दोन तास आधी घ्या.

गावपातळी

मात्राताई, तुमचा सरसकट विरोध मला ओडिशापाशी अडतो. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेली चाचणी: गावांतली ४५५६ नवजात बाळं, वजन किमान २ किलो, आईच्या दुधावरची. लॅक्टोबॅसिलस प्लँटेरमचा एक ठरावीक स्ट्रेन आणि त्याचं खाद्य म्हणून फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, फक्त ७ दिवस. सेप्सिस (अंगभर पसरलेला गंभीर जंतुसंसर्ग) किंवा मृत्यू ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आला. श्वसनमार्गाचे संसर्गही कमी झाले. सेप्सिसने बाळं दगावतात अशा गडचिरोली किंवा मेळघाटसारख्या भागांसाठी याचा विचार व्हायलाच हवा.

मात्रा

त्या चाचणीला माझा विरोध नाही, उलट असंच काम व्हावं. आतड्यात टिकणारा स्ट्रेन मुद्दाम निवडला, मात्रा ठरवली, कोणाला द्यायचं ते ठरवलं. पण तिच्या नावावर दुकानातली कुठलीही कुपी बाळाला पाजू नका. स्ट्रेन बदलला की ते पुरावे लागू होत नाहीत.

आणि जुलाब झालेल्या मुलाबद्दल बालरोग_कट्टा काहीच बोलले नाहीत. २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांत, मिळून साडेअठराशे मुलांत, प्रोबायोटिकने जुलाब लवकर थांबले नाहीत. इकडे मात्र पालक बॅसिलस क्लॉसीच्या ५ मिलिलिटरच्या कुप्या घेऊन जातात आणि ओआरएसचं पाकीट काउंटरवरच राहतं.

बालरोग_कट्टा

इथे मी तुमच्याच बाजूने आहे. एक लिटर पाण्यात ओआरएसचं पूर्ण पाकीट. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात घातलं की क्षार कमी-जास्त होतात. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. झिंक १४ दिवस: सहा महिन्यांवर २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांत १०. जुलाब थांबले तरी झिंक बंद करायचं नाही. कुपीचे पैसे उरले तर ते झिंकवर घाला.

अँटिबायोटिकसोबतच्या बुलार्डीबाबत मात्र मी मागे हटत नाही. ज्या मुलाला याआधी अमॉक्सी-क्लॅव्हने जुलाब झालेत, त्याला मी पहिल्या दिवसापासून देणार.

निर्जंतुक

द्या. फक्त त्या मुलाला सेंट्रल लाइन नाही ना, हे आधी बघा. आणि अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर दोन-तीन महिन्यांपर्यंत मोठ्या माणसाला दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखे जुलाब झाले, तर प्रोबायोटिक किंवा जुलाब थांबवणारं लोपेरामाइड न देता आधी सी-डिफची तपासणी करा. निघाला तर शक्य असल्यास मूळ अँटिबायोटिक थांबवून व्हँकोमायसिन १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, १० दिवस, आणि तेही तोंडावाटेच. शिरेतून दिलेलं आतड्याच्या पोकळीत पोचत नाही.