गावामागच्या बरडीवर एमटीबी (डोंगरी सायकल) ट्रेल करायचेत, सुरुवात कुठून करू?

बरडीवाला_धुळे
राम राम मंडळी. आमचं गाव लळिंगच्या अंगाला. गावामागं मुरमाड बरडी आहे, वर थोडे अंजन, बाकी खैर नि हिवर. गावातल्या पोरांकडं आता गियरच्या सायकली आल्यात, रविवारी धुळ्याचेही येतात, आणि सगळे माथ्यावरून सरळ खाली सुटतात. मागच्या पावसाळ्यात त्या चाकोरीची घळ झाली, सगळा मुरूम वाहून खालच्या शेतात गेला, शेतकरी चिडलाय आणि त्याचं बरोबरच आहे. आता नीट ट्रेल बांधायचेत, बारक्या पोरांना सोपा लूप, पट्टीच्या रायडरला अवघड लूप. जेसीबी लावावा का हातानं करावं? परवानगी कोणाची लागते?

पाणलोट_अमळनेर
भाऊ, जेसीबी नको. तुम्हाला मीटरभर रुंदीची वाट पाहिजे, जेसीबी रस्ता करून ठेवतो. कुदळ, फावडं, पहार आणि पोरं, एवढ्यात काम होतं.

तुमची घळ का झाली ते बघा. पाणी ज्या दिशेनं उतरतं त्याच दिशेनं वाट आहे, म्हणजे तुम्ही पाण्याला नालाच काढून दिला. वाट उताराला आडवी पाहिजे, हळूहळू चढणारी. इम्बा म्हणून सायकल ट्रेलवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, त्यांचा ठोकताळा असा की वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत, आणि टेकडीचा जो उतार असेल त्याच्या निम्म्याहून जास्त कधीच नाही. समजा बरडीचा उतार १६ टक्के आहे, तर वाट ८ च्या वर नको, नाहीतर पाणी वाट सोडून जातच नाही. १० मीटर आडवं गेल्यावर १ मीटर चढ म्हणजे १० टक्के, गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं मोजता येतं. वाटेची बाहेरची कड मीटरमागं ५ सेंटीमीटर खाली ठेवा आणि दर १०-१५ मीटरवर छोटा उतार-चढ द्या, पाणी तिथून बाहेर पडतं.

आणि एक सांगतो, हे कळकळीनं सांगतोय. बरडीवर सलग समतल चर (पाणी मुरवायला उताराला आडवे खोदलेले) असतील तर त्यांच्या भरावावर चाक जाऊ देऊ नका. भराव दबला की पहिल्या मोठ्या पावसात पाणी तिथूनच फुटतं, मग खालचा चर, मग त्याच्या खालचा. आमच्याकडं पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपच्या वेळी बायामाणसांनी भर उन्हात चर खोदलेत, त्या कष्टावर सायकल नको.

साक्रीची_ताई
दादा, आधी ७/१२ काढा. बरडी गायरान आहे का वनखात्याची, हे तोंडी कोणी सांगितलं तर धरू नका. वनजमीन असेल तर रेंज ऑफिसला लेखी विचारल्याशिवाय कुदळही लावू नका, १९८० चा वन कायदा कडक आहे. २००६ च्या कायद्यानं सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर ग्रामसभेत विषय घ्यावाच लागेल. गायरान असलं तरी ग्रामसभा घ्याच, आणि तिथं गुराखी आणि मेंढरंवाल्या ठेलाऱ्यांना बोलवा. गुरं कोणत्या वेळी कुठून उतरतात हे त्यांनाच माहीत असतं. नकाशा त्यांच्यासमोर काढा, मोबाईलवर काढून नंतर दाखवू नका.

जमलं तर आमच्या तालुक्यात बारीपाड्याला जाऊन या. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली हे सगळ्यांना माहिती, पण तिथं बघायचं ते हे की चारशे हेक्टरच्या वर जंगल गावानं स्वतः नियम करून राखलं, दंडसुद्धा गावच ठरवतं. ट्रेलचंही तसंच पाहिजे, नाहीतर दोन वर्षांनी वाट कोणाचीच राहत नाही.

सातपुडा_रायडर_जळगाव
दोघांचं पटलं. माझ्याकडून थोडं. काळ्या मातीचा पट्टा टाळा, पावसात टायरला गोळे चिकटतात आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, मुरूम आणि पक्का खडक बेस्ट. पाऊस झाला की वाट बंद, टायरचा ठसा उमटतोय तोवर कोणी जायचं नाही, हे गावातच ठरवून टाका. वनखात्याच्या जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेल्या पट्ट्या) असतील तर त्यांनाच विचारा, उघडी पट्टी आयतीच असते. बाभूळ-हिवराचे काटे आहेत म्हणजे ट्यूबलेस टायर आणि भोक बुजवणारं सीलंट पाहिजेच. पाट्यांवर इम्बाची खूण लावा, हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा डायमंड अवघड. आधी एकच हिरवा लूप करा, एक पावसाळा त्यावरनं जाऊ द्या, कुठं पाणी साठलं ते बघा, मगच पुढचा.

बरडीवाला_धुळे
लय भारी माहिती दिली सगळ्यांनी. ७/१२ साठी तलाठ्याकडं जातोच. जुनी घळ मात्र तशीच सोडायची का? आणि अमळनेरवाले भाऊ, समतल रेषा आखायची ए-फ्रेम मिळेल का तुमच्याकडं?

पाणलोट_अमळनेर
घळ सोडू नका. दगडांचे छोटे बांध घाला आडवे, वरून खालपर्यंत, सुरुवात माथ्याकडूनच. वर काट्याच्या फांद्या टाका म्हणजे कोणी सायकल घालणार नाही. ए-फ्रेम तीन बांबू, एक दोरी आणि एका दगडाची होते, घरीच करा. आखणीच्या दिवशी कळवा, मी येतो. त्या शेतकरी दादांनाही बोलवा, पाणी कुठून येतं ते त्यांनाच नीट माहीत.