मदत हवी आहे: आगमनकाळाच्या हिरव्या चक्रासाठी मेणबत्त्या आणि पाला (सोलापूर)

ख्रिस्तात सर्वांना सलाम. आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ; २०२६चा पहिला आगमन रविवार २९ नोव्हेंबरला आहे. उपासनेत वेदीजवळ ४५ सेंमी व्यासाचं हिरव्या पाल्याचं चक्र ठेवायचं आहे: भोवती तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि तिसऱ्या, म्हणजे आनंदाच्या रविवारासाठी एक गुलाबी, मधोमध नाताळची पांढरी.

जांभळी आणि गुलाबी जाड मेणबत्ती नवी पेठ किंवा मधला मारुती भागात कुठे मिळेल? न मिळाल्यास पांढरीवरच रंगीत मेणाचा थर द्यावा लागेल. खाण्याचा रंग पाण्यात विरघळणारा असल्याने मेणात मिसळत नाही, तळाशी बसतो. मेणाचा रंगीत खडू वितळवून घातला तर वात चोंदते. तेव्हा मेणात विरघळणारा रंग सुटा कोण विकतं?

उंचीचंही कोडं आहे. दर रविवारी आधीच्या मेणबत्त्यांसोबत एक नवी लावतात. दीड तासाच्या उपासनेला पहिली मेणबत्ती चार रविवारांत ६ तास जळते, चौथी फक्त दीड. उतरती रांग मला तरी सुंदरच वाटते, वाट पाहणं त्यात दिसतं; पण पहिलीची ज्योत पाल्याला टेकता कामा नये. बुडाशी किती उंच वाटी ठेवता?

पाल्याबद्दल जाणकारांनी जरूर लिहावं. सुरूची फांदी दिसते छान, पण आपल्या कोरड्या हवेत लवकर वाळते आणि वाळली की भुर्रकन पेटते. अशोकाचा पाला दर शनिवारी बदलला तर पुरेल का? पंख्याच्या झोतात मेण एका बाजूला ओघळतं, म्हणून जागाही सुचवा.