मदत हवी आहे: शनिवार-रविवारात दुबई करून यायचंय, आज रात्री हॉटेलचं बुकिंग करायचंय

चिपळूणचा_बंड्या:
तिकिटं काढून झालीत, त्यामुळे "जाऊ नका" हा सल्ला कृपया नको. पुढच्या शुक्रवारी रात्रीचं विमान, सोमवारी पहाटे परत, आणि सोमवारी कामावर हजर व्हायचंय. बुर्ज खलिफा, डेझर्ट सफारी, दुबई मॉल, सोनं बाजार, जमलं तर अबू धाबी. कुठल्या क्रमाने करू आणि हॉटेल कुठल्या भागात घेऊ? व्हिडिओ बघून डोकं फिरलंय, जो तो पाच दिवसांचा प्लॅन सांगतो.

कुडाळचो_झील:
तिकीट खंयसून काढलंस ता पयला सांग. मुंबई की गोव्यातलं मोपा? आम्ही मोपाशिवाय दुसरीकडे बघतच नाही. सावंतवाडीवरून तासाभरात विमानतळ.

दापोलीची_माई:
अहो पण व्हिसा आला का? आणि पासपोर्टला प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने मुदत हवी, ती बघितलीत? किती जण आहात तेही लिहिलेलं नाही.

चिपळूणचा_बंड्या:
मुंबईहून. व्हिसा एजंट बघतोय. क्रम सांगा ना कोणीतरी.

लोटे_शिफ्टवाला:
क्रम नंतर. सोमवारी पहाटे मुंबईत उतरणार आणि त्याच दिवशी चिपळूणला कामावर? सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीहून सुटणारी मांडवी पनवेलला पकडलीत तरी चिपळूणला दुपार होते. आणि पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे सावकाशच धावते. रस्त्याने यायचं तर परशुराम घाटात दरड आली नाही म्हणजे मिळवली. सोमवारची रजा टाका आणि मोकळे व्हा.

कुडाळचो_झील:
म्हणून सांगत होतो, मोपा.

लोटे_शिफ्टवाला:
चिपळूणचा माणूस विमानाला मोपाला कशाला जाईल? उलटी दिशा, आणि मोपावरून हव्या त्या वारी, हव्या त्या वेळेला विमान मिळेलच असं नाही.

डोंबिवलीकर_मूळ_गुहागर:
मी सांगतो. बुर्ज खलिफाचं तिकीट सूर्यास्ताच्या वेळेचं घ्या, १२४व्या मजल्यावरचं पुरे, त्याहून वरचं म्हणजे पैशाचा चुराडा. सफारी शनिवारी दुपारी. अबू धाबीला नवीन बाप्स स्वामीनारायण मंदिर अजिबात चुकवू नका, फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडलं. कोरीवकाम बघत राहावं असं आहे. आधी नोंदणी करावी लागते.

दापोलीची_माई:
मंदिराचं कोणी विचारलंय? एका बाजूने तास-दीड तास गाडीत जाणार. आणि जुलैत चाळीसच्या वर पारा असताना वाळवंटात? सोबत कोण आहे ते अजून सांगितलेलं नाही.

चिपळूणचा_बंड्या:
बाबा आहेत, ७४ वर्षांचे. गुडघे दुखतात, पण चालतात. त्यांचं काही नाही, जिथे नेऊ तिथे येतील. तरुणपणी तिकडेच बंदरावर कामाला होते, त्यामुळे त्यांना नवीन काही नाही.

जुना_गल्फवाला:
बंड्या, हे पहिल्या ओळीत लिहायचं की रे! कुठलं बंदर? पोर्ट रशीद का? ते १९७२ला सुरू झालं, आपल्या रत्नागिरीकडची किती माणसं तिथे राबली. आता तिथे मोठमोठ्या क्रूझ लागतात, माल उतरवायचं काम जेबेल अलीला गेलं. बाबांना एकदा विचार तरी, काय बघायचंय.

डोंबिवलीकर_मूळ_गुहागर:
तेव्हा लोक द्वारका बोटीने जात ना? आमचे आजोबा सांगायचे, डेकवर पत्र्याची पेटी आणि वळकटी.

जुना_गल्फवाला:
हो. मुंबई-कराची करत आखातातली बंदरं घ्यायची. १९८२ला बंद झाली. त्याच्याही आधी दुबईत आपला रुपया चालायचा, १९५९पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापत होती.

चिपळूणचा_बंड्या:
विषय भरकटतोय. बाबांना विचारलं. म्हणाले, "बुर्ज टीव्हीवर बघितलाय. मला खाडीवर नेऊन बसव. आणि होडीतून पलीकडे जाऊ." एवढंच. आता दोन दिवस खाडीवर काय करणार?

जुना_गल्फवाला:
मग हॉटेल डेऱ्यातच घे, म्हणजे खाडीकाठच्या जुन्या डेरा भागात, नव्या मरीना भागाच्या नादाला लागू नको. विमान टर्मिनल १ किंवा ३ला उतरत असेल तर मेट्रोची रेड लाइन तिथूनच मिळते. युनियनला ग्रीन लाइन पकडायची, अल रासला उतरलं की मसाला बाजार आणि खाडी चालत. टर्मिनल २ला मेट्रो नाही, टॅक्सी करावी लागेल. रविवारी मेट्रो सकाळी आठला सुरू होते, लवकर उठून स्टेशनवर ताटकळू नका. अब्राचा, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीचा, एक दिरहम रोख द्यावा लागतो, सुटे ठेव. सकाळी खाडी, दुपारी हॉटेलात आडवं व्हायचं, संध्याकाळी पुन्हा खाडी. एका संध्याकाळी बुर्जच्या पायथ्याशी जा, वर न चढता.

दापोलीची_माई:
अब्रामध्ये चढताना पायरी असते आणि होडी हलते. बाबांना आधी बसवा, मग तुम्ही. गुडघ्यांसाठी ते कुठली गोळी घेतात? ट्रामाडॉल, कोडीनवाली असेल तर तिकडे त्यावर निर्बंध आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधीची परवानगी बघून घ्या.

सासुरवाशीण_मालवण:
आणि घरचा मालवणी मसाला नेऊ नका हां! त्यात खसखस असते आणि खसखशीला तिथे बंदी आहे. अनारसेसुद्धा नकोत.

कुडाळचो_झील:
बाबांचं शिक्षण दहावीपेक्षा कमी असेल तर पासपोर्ट ईसीआर, म्हणजे देश सोडताना तपासणी लागणारा, असू शकतो. विमानतळावर अडवतील.

लोटे_शिफ्टवाला:
उगाच घाबरवू नका. तो नियम नोकरीच्या व्हिसाला. फिरायला जाणाऱ्याला एमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही, परतीचं तिकीट जवळ ठेवा म्हणजे झालं.

कुडाळचो_झील:
आमच्या वाडीतल्या एकाला दोन तास बसवून ठेवलेलं.

लोटे_शिफ्टवाला:
त्याच्याकडे परतीचं तिकीट नसेल.

चिपळूणचा_बंड्या:
पासपोर्ट ईसीआरच आहे, परतीचं तिकीट आहे. गोळीचं नाव घरी जाऊन बघतो. सफारी आणि अबू धाबी रद्द, हॉटेल डेऱ्यात घेतोय. रजेचं साहेबांना विचारतो. पण मग सोनं बाजार तरी होईल ना? बायकोने यादी दिलीय.

जुना_गल्फवाला:
होईल. अल रासपासून जवळच आहे. मात्र दागिन्यांवर कस्टम ड्यूटीची सवलत किती ते यादी हातात घेऊनच आधी वाच.

सासुरवाशीण_मालवण:
डेऱ्यात राहताय तर माझ्या भावासाठी दोन किलो काजू न्याल का? तिथेच राहतो, हॉटेलवर येऊन घेऊन जाईल.

चिपळूणचा_बंड्या:
ताई, सात किलोचीच बॅग आहे, आणि त्यात बाबांनी आत्ताच आमसुलं भरलीत.